आज्ञावलीचा दुभाष्या कसा निवडावा

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे अकलूजच्या परिसरांत कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी एकदां तोलतात, ऊंस उतरल्यावर रिकामी गाडी पुन्हां तोलतात, आणि पहिल्या वजनांतून दुसरें वजा केलें कीं उंसाचें वजन निघतें. भरलेली गाडी १८,४०० किलो व रिकामी ५,९०० किलो असेल, तर ऊंस १२,५०० किलो. हा आंकडा योग्य सभासदाच्या नांवावर पडला, तरच त्याच्या वर्षाच्या श्रमांचें मोल त्याच्या पदरीं पडतें. अशा नोंदी आतां संगणकांत ठेवितात. म्हणून त्यांची व्यवस्था कशी असते, हें आमच्या वाचकांनीं थोडें समजून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

नोंदींच्या ह्या कोठारास डेटाबेस म्हणतात. आयबीएम कंपनींत काम करणाऱ्या एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालीं असें सुचविलें कीं, सर्व माहिती ओळी व रकाने असलेल्या साध्या तक्त्यांत मांडावी. सभासदांचा एक तक्ता, शेतांचा दुसरा, वजनांचा तिसरा. आणि सभासद-क्रमांक हा तिघांस जोडणारा धागा. ह्या कोठाराशीं बोलण्याची भाषा एसक्यूएल होय.

संगणकास द्यावयाची आज्ञावली मात्र निराळ्या भाषेंत लिहितात. अशा भाषांत फंक्शनल नांवाचा एक पंथ आहे. त्यांतील हास्केल ही भाषा १९९० सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी ह्यांच्यावरून तिचें नांव ठेविलें आहे. वजाबाकीप्रमाणें, तेच आंकडे दिले असतां तेंच उत्तर यावें, हा ह्या पंथाचा नियम. शिवाय प्रत्येक वस्तूचा प्रकार ठरलेला असतो, व प्रकारांचा मेळ बसला नाहीं तर कंपायलर नांवाचा तपासनीस आज्ञावली पुढें जाऊं देत नाहीं. परंतु कोठार क्षणोक्षणीं बदलतें, आणि तें ह्या तपासनिसाच्या दृष्टीबाहेर असतें. म्हणून दोघांमध्यें दुभाष्या लागतो. हें काम करणाऱ्या तयार साधनास लायब्ररी म्हणतात.

हास्केलमध्यें असे दुभाषे अनेक आहेत. पोस्टग्रेसक्यूएल-सिंपल हा निव्वळ निरोप्या आहे. एसक्यूएलचा मजकूर आपण लिहावा, त्यानें पोंचवावा. तो शिकण्यास सोपा; पण मजकुरांतील चूक आज्ञावली चालूं लागल्यावरच कळते. पर्सिस्टंटमध्यें तक्त्यांचें वर्णन एकदांच लिहून ठेवितात. मात्र अनेक तक्ते जोडणारे प्रश्न विचारण्यास एस्केलेटो ह्या जोडीदाराची मदत घेतात. ओपलआय व बीम ह्यांत सबंध प्रश्नच हास्केलमध्यें लिहितात, त्यामुळें तपासनीस तो आधींच पारखतो; परंतु ते शिकण्यास कठीण आहेत. गोव्यांतील व्हेकेशन लॅब्स ह्या कंपनीनें ओपलआयवर पाठमाला लिहून प्रसिद्ध केली, ह्यावरून नवशिक्यास वाटाड्याची किती गरज पडते तें दिसून येईल.

मग निवड कशावरून करावी? प्रथम हें पाहावें कीं, कोणती चूक सर्वांत महाग पडेल. सभासद-क्रमांक व शेत-क्रमांक हे दोन्ही नुसते आंकडेच. निरोप्याच्या मजकुरांत त्यांची अदलाबदल झाली, तर तो तक्रार न करितां एकाचें बिल दुसऱ्याच्या खात्यांत नेऊन टाकील. दोन्हींस निराळे प्रकार देणाऱ्या दुभाष्याजवळ तीच चूक आधींच अडते. दुसरें, आपल्यामागून हें काम कोण सांभाळणार, ह्याचा विचार करावा. एकट्या कर्त्यासच समजणारी आज्ञावली तो गेल्यावर ओझें होते. काम लहान व प्रश्न साधे असतील, तर निरोप्याही पुरतो.

तथापि एक गोष्ट विसरूं नये. तपासनीस पारखतो तें आपण लिहिलेलें तक्त्याचें वर्णन. खुद्द तक्ता नव्हे. कोठारांतील रकाना कोणी बदलला आणि वर्णन जुनेंच राहिलें, तर तपासणींत निर्दोष ठरलेली आज्ञावलीही ऐन वेळीं चुकेल. आणि काट्यावर वजनच चुकीचें टिपलें गेलें, तर तें कोणतीही लायब्ररी सुधारूं शकत नाहीं. म्हणून पालकांनीं आपली पावती जपून ठेवावी हें बरें. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें ह्या व्यवसायांत पडतील, त्यांनीं साधनाच्या नवेपणास न भुलतां, चूक झाल्यास ती कोणास भोगावी लागेल, इकडे आधीं लक्ष द्यावें.