धावत येऊन बिलगणारं मूल

दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. जर्मनीत अन्नाची टंचाई होती, शिधापत्रिकेवर मिळेल त्यावर माणसं दिवस काढत होती. त्या काळात एल्सी विडोसन ही ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ वुपर्टाल शहरात मुलांच्या वाढीचा अभ्यास करत होती. तिने दोन छोटी अनाथालयं निवडली. दोन्हीकडे साधारण पन्नास मुलं, वयं चार ते चौदा, शिधा अगदी सारखा. पहिले सहा महिने दोन्हीकडे नेहमीचंच खाणं द्यायचं, पुढचे सहा महिने त्यातल्या एकाला जादा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस द्यायचा आणि त्याने वजन किती वाढतं ते पाहायचं, असा साधासरळ बेत होता.

आकडे मात्र उलटेच आले. सारखं खाणं असताना एका घरातल्या मुलांची वजनं दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वाढली. नंतर याच पहिल्या घराला जादा खाणं सुरू झालं आणि नेमकी तिथली वाढ मंदावली. ज्यांना जादा घासही मिळत नव्हता ती दुसरीकडची मुलं मात्र बाळसं धरू लागली. विडोसनने उत्तर शोधलं तेव्हा ते ताटात सापडलं नाही. योगायोगाने त्याच सुमारास दोन घरांच्या व्यवस्थापिकांमध्ये बदल झाला होता. पहिल्या घरातली प्रेमळ बाई सोडून गेली होती आणि दुसऱ्या घरातली कडक बाई तिच्या जागी आली होती. ही बाई जेवणाची वेळ साधून मुलांना सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची. पुढ्यातलं अन्न गार व्हायचं, मुलं रडायची. तिची लाडकी आठ मुलं होती, ती तिने बदलीबरोबर सोबत आणली होती. त्या घरात सगळ्यात चांगली वाढली ती हीच आठ! १९५१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

मला हा प्रयोग कितीही वेळा वाचला तरी नवल वाटतं. माणसाचं मूल निव्वळ अन्नावर वाढत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. पण ते वजनकाट्यावर उतरतं, किलो-ग्रॅममध्ये मोजता येतं, हे पाहून अंगावर काटा येतो. आणि परदेशातल्या एखाद्या बालगृहात महिनाभर सेवा करायला निघालेल्या तरुणाने बॅग भरण्याआधी हीच गोष्ट समजून घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

नेपाळ, कंबोडिया, युगांडा, केनिया अशा देशांत दोन-चार आठवडे राहायचं, अनाथ मुलांना शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, आणि त्यासाठी आयोजकांना चांगली रक्कम मोजायची, असा एक प्रवासाचा प्रकार गेल्या काही दशकांत जगभर फोफावला. जाणारी मुलं बहुतेक विशीतली, मनाने निर्मळ. परत आल्यावर त्यांच्याकडून एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: ‘आम्ही फाटकातून आत गेलो आणि पोरं धावत येऊन बिलगली. ओळख ना पाळख, पण मांडीवरून उतरायला तयार नाहीत.’ त्यांच्या आठवणीतला हा सगळ्यात सुंदर क्षण असतो. बालमानसशास्त्रातला माणूस हेच वाक्य ऐकून चिंतेत पडतो.

असं का, ते पाहू. आपल्या घरातलं दीड वर्षाचं बाळ आठवा. अनोळखी पाहुणा आला की ते आईच्या पदराआड जातं. पाहुण्याने हात पुढे केले तर भोकाड पसरतं. मग हळूच डोकावतं, आईचा चेहरा वाचतं, ती हसतेय म्हटल्यावर पाऊलभर पुढे येतं, पुन्हा मागे पळतं. आपण कौतुकाने ‘लाजाळू आहे’ म्हणतो. खरं म्हणजे त्या इवल्या डोक्यात एक फार मोठं काम पुरं झालेलं असतं: जगातल्या असंख्य माणसांमधून त्याने आपली अशी एक-दोन माणसं निवडलेली असतात. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी या बंधाचा सिद्धांत मांडला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत आणि पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आया आणि बाळं तासन्‌तास न्याहाळली. दोन्हीकडे दिसलं ते असं की, मूल त्या एका माणसाला तळ मानतं आणि तिथून जगाची टेहळणी करायला निघतं. भीती वाटली की तळावर परत. तळ पक्का असेल तर मूल अधिक धीट होतं, अधिक लांब जातं.

आता ज्याला असा तळच मिळाला नाही, त्याचं काय? १९७०च्या दशकात बार्बरा टिझर्ड यांनी लंडनच्या निवासी बालसंगोपन केंद्रांतल्या मुलांचा माग काढला. ही केंद्रं वाईट नव्हती. खाणं चांगलं होतं, खेळणी होती, पुस्तकं होती. फक्त कर्मचाऱ्यांनी मुलांत जीव गुंतवू नये, असा दंडक होता. माणसंही सतत बदलत. साडेचार वर्षांचं होईपर्यंत एकेका मुलाला सरासरी पन्नास वेगवेगळ्या माणसांनी किमान आठवडाभर सांभाळलेलं होतं. यातली बरीच मुलं कोणाही परक्याच्या मागे लागत, लक्ष वेधण्यासाठी धडपडत. कुणीही चालतं, कारण आपलं असं कुणीच नाही! मिनिटभरात मांडीवर चढून बसणाऱ्या मुलाच्या मायेमागे बहुधा हे असतं. पुढे संशोधकांनी या वागण्याला स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलं. चांगल्या घरात दत्तक गेल्यावरही तो काही मुलांमध्ये वर्षानुवर्षं टिकतो.

यामागे मेंदूत काय घडतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा रोमानियाने दिला, आणि तो फार जड किंमत मोजून. हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याने लोकसंख्या वाढवण्यासाठी १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. गरीब घरांना मुलं पोसवेनात, आणि सरकारच सांगू लागलं की आमच्या संस्थांत आणून सोडा. १९८९च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुलं अशा संस्थांत होती. एकेका बाईकडे बारा-पंधरा बाळं. ठरल्या वेळी दूध, ठरल्या वेळी लंगोट बदलणं, उरलेला वेळ छताकडे पाहत पडून राहणं. तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांना सगळ्यात जास्त हादरवलं ते शांततेने. खोलीभर तान्ही बाळं आणि रडण्याचा आवाज नाही. रडून कोणी येत नाही, हे ती बाळं शिकली होती.

इसवी सन २००० नंतर लगेचच चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू केला. सहा संस्थांमधली १३६ मुलं, वयं सहा ते एकतीस महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्या मुलांना कुटुंबांत ठेवलं, निम्मी आधीसारखीच संस्थेत राहिली. तुलनेला त्याच शहरात आईबापांजवळ वाढणारी मुलं घेतली. निम्म्यांना मागे ठेवणं नीतीला धरून होतं का, यावर खूप वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र तेव्हा शहरात सांभाळ करणारी पालक कुटुंबं जवळपास नव्हतीच. ती या प्रकल्पानेच शोधली, शिकवली, त्यांना मानधन दिलं. मागे राहिलेल्या मुलासाठी पुढे कधी घर मिळालं तर त्याला अडवायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

साडेचार वर्षांच्या वयात बुद्ध्यंक मोजले. आईबापांजवळ वाढलेल्यांचा सरासरी १०९, संस्थेत राहिलेल्यांचा ७३, आणि कुटुंबांत गेलेल्यांचा ८१. डोक्यावर तारा लावून मेंदूतली विद्युत-हालचाल टिपली, तर संस्थेतल्या मुलांचा आलेख जणू मंद दिव्यासारखा. पण खरं आश्चर्य पुढे आहे. जी मुलं दोन वर्षांची होण्याआधी कुणाच्या तरी घरी गेली होती, त्यांचा आठव्या वर्षीचा आलेख कधीही संस्थेत न राहिलेल्या मुलांसारखाच दिसला. मेंदू पुन्हा उजळला होता. कोणतंही औषध नाही, यंत्र नाही. रात्री उठून बघणारं, सकाळी तेच, संध्याकाळीही तेच, असं एक माणूस मिळालं, इतकंच.

तान्ह्या मेंदूत सेकंदाला दहा लाखांहून अधिक नवे जोड तयार होतात. त्यातले कुठले टिकायचे, हे वापरावर ठरतं. बाळ ‘अगं’ म्हणतं, आई ‘काय गं’ म्हणते. बाळ बोट दाखवतं, बाबा तिकडे पाहतात. हाकेला ओ मिळाली की तो जोड घट्ट होतो. अशा हजारो देवाणघेवाणींनी भाषा, लक्ष, भीती आवरण्याची शक्ती घडते. निसर्गाने मेंदूचं अर्धं बांधकाम दुसऱ्या माणसाच्या भरवशावर सोडून दिलेलं आहे! शिवाय ते माणूस ओळखीचं हवं, कारण या बाळाची कुठली कुरकुर भुकेची आणि कुठली झोपेची, हे रोज सोबत असणाऱ्यालाच कळतं.

म्हणून पंधरा दिवसांनी बदलणारे हसरे स्वयंसेवक मुलांसाठी चांगले की वाईट, या प्रश्नाचं उत्तर मला स्पष्ट वाटतं. प्रत्येक नवा दादा, नवी ताई मुलाला एक आशा लावते आणि विमानतळावर निघून जाते. पहिल्या निरोपाला मूल रडतं. पुढे ते रडत नाही, आणि ती गोष्ट अधिक वाईट आहे.

याहून अस्वस्थ करणारी बाब निराळीच आहे. ही मुलं बहुतेक वेळा अनाथ नसतात. नेपाळमधल्या बालगृहांतल्या मुलांपैकी सुमारे ८५ टक्क्यांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असल्याचं आढळलं. कंबोडियात २०११ साली युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीत दर चारांपैकी जवळपास तिघांची तीच स्थिती दिसली. आणि अनाथांची संख्या वाढलेली नसताना तिथली बालगृहं मात्र २००५पासूनच्या पाच वर्षांत ७५ टक्क्यांनी वाढली होती. नेपाळची सुमारे नव्वद टक्के बालगृहं पाच जिल्ह्यांत एकवटली होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन. सगळ्यात गरीब जिल्हे हे नव्हेत, पर्यटक जिथे उतरतात ते हे जिल्हे. अनाथालय कुठे उभं राहतं, हे मुलांच्या गरजेपेक्षा पाहुण्यांच्या सोयीवर ठरत होतं.

कॉनर ग्रेनन हा अमेरिकी तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या गोदावरी गावातल्या एका बालगृहात तीन महिन्यांच्या सेवेसाठी गेला. तिथली मुलं अनाथ आहेत असंच सगळे धरून चालले होते. एक दिवस एका मुलाची आई दारात उभी राहिली. मग उलगडा होत गेला: यादवी युद्धाने होरपळलेल्या हुमला या दुर्गम जिल्ह्यातल्या आईबापांकडून दलालांनी पैसे घेतले होते, ‘तुमच्या मुलाला शहरात शिकवतो, सुरक्षित ठेवतो’ असं सांगून. ग्रेननने डोंगर तुडवत हुमल्यात जाऊन त्या मुलांची घरं शोधली आणि मुलांना कुटुंबांशी जोडणारी संस्था उभारली. केट व्हॅन डूर या ऑस्ट्रेलियन कायदेतज्ज्ञ बाईंनी तर स्वतः बालगृहं उभारायला मदत केली होती. नेपाळमधल्या आपल्याच बालगृहातल्या मुलींना घरदार आहे, हे कळल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला आणि कागदोपत्री अनाथ बनवल्या जाणाऱ्या मुलांवर कायद्याचा अभ्यास केला. २०१८ साली ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अशा व्यापाराची दखल घेतली. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने, पर्यटनाच्या निमित्ताने अनाथालयांत चालणाऱ्या स्वयंसेवेने मुलांचं होणारं नुकसान रोखा, असं सर्व देशांना सांगितलं.

सेवा करू नका, असं कोणी म्हणू नये. ज्यांना खरंच कुणी नाही अशी मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी आयुष्य वेचणारी माणसंही आहेत. फिजिओथेरपी येत असेल तर तिथल्या कायमच्या सेविकेला ती शिकवा. तुम्ही परतल्यावरही तिचे हात त्या मुलाजवळ राहतील. हिशेब, संगणक, भाषा, बांधकाम यांतलं काही येत असेल तर ते मुलांना घरी परत पोहोचवणाऱ्या संस्थांना द्या. एखादं बालगृह ओळखपत्र, पोलिसांचा दाखला न मागता परक्या माणसाला थेट मुलांच्या खोलीत नेत असेल, तर त्या फाटकातूनच परत फिरा. आणि देणगी द्यायची असेल तर एकच प्रश्न विचारा: या मुलाचं घर शोधायला तुम्ही काय केलंत?

आपल्याकडे वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहात जाण्याची पद्धत रुजली आहे. त्या पैशाला आणि वेळेला दुसरी वाटही आहे. वडील गेलेलं, आई धुणंभांडी करून घर चालवणारी, आता मुलाला ‘कुठेतरी ठेवावं’ असा विचार करणारी, असं घर आपल्या वस्तीत, गावात सापडतंच. अशा मुलाला घरीच वाढवता यावं म्हणून महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे; २०२३पासून तिचं अनुदान दरमहा २,२५० रुपये झालं आहे. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो. अनेक आयांना ही योजना ठाऊकच नसते. त्यांना सांगा, कागदपत्रं जमवायला मदत करा, गरज पडली तर त्या कार्यालयात सोबत जा.