घर सिडकोत, मालक सातासमुद्रापार

फराळाचा डबा अमेरिकेला रवाना झाला, की छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतील कितीतरी आईवडिलांची निम्मी दिवाळी पार पडते. मुलगा तिकडे नोकरीला आणि त्याच्या नावावरचा फ्लॅट इकडे भाड्याने दिलेला. “तो परदेशात राहतो, त्याला इथला कसला आलाय कर!” असे वडील निर्धास्तपणे म्हणतात. गफलत होते ती इथेच.

आपल्या भागातील जुन्या माणसांना हे चटकन् उमगेल. १९४७ पर्यंत गोदावरीच्या अलीकडचे कायगाव निजामाच्या राज्यात, तर पलीकडचे टोके ब्रिटिश मुलखात होते. मालक कोणत्याही काठावर राहो, शेत ज्या राज्यात, सारा त्याच राज्याला!

आजही कायदा दोन प्रश्न विचारतो : माणूस कुठला आणि उत्पन्न कुठले? १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात जो १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिला, तो ‘निवासी’. त्याला सामान्यतः परदेशातील घराचे भाडेही इथे दाखवावे लागते. नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झालेला बहुधा ‘अनिवासी’ ठरतो. त्याच्या तिकडच्या पगारावर इथे कर नाही. पण घराच्या भिंती काही विमानात बसत नाहीत! इथल्या घराचे भाडे हे भारतातलेच उत्पन्न. वडिलांच्या खात्यात जमा झाले, तरी ते मुलाचेच.

खरी ठेच लागते ती भाडेकरूला. मालक अनिवासी असेल, तर भाडे कितीही असो, त्यातून कर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी भाडेकरूची. दर उपकरासह ३१.२ टक्के. म्हणजे १५,००० रुपयांतून ४,६८० कापायचे. न कापल्यास ती रक्कम व्याजासह त्याच्याच अंगावर येऊ शकते. आणि मालक परदेशात असतो, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलेच नसते!

मालकाचे तरी यात काय बुडते? वर्षाच्या १,८०,००० भाड्यातून ३० टक्के ठरीव वजावट गेली, की उरतात १,२६,०००. भारतात दुसरे उत्पन्न नसेल, तर ही रक्कम करमुक्त मर्यादेतच बसते. विवरणपत्र भरले, की कापलेले ५६,१६० रुपये परत मागता येतात. किंवा आधीच अर्ज करून कमी कपातीचा दाखला काढता येतो. अमेरिकेत राहणाऱ्याला हे भाडे तिथेही दाखवावे लागते. मात्र १९८९ च्या भारत-अमेरिका करारामुळे इथे भरलेल्या कराची सूट तिथल्या करात मागता येते.

तेव्हा यंदा भाडेकरूच्या घरी फराळाचे ताट पाठवाल, त्यासोबत एवढी माहितीही द्या. दिवाळीत त्याच्या दारी पणती लागावी, नोटीस नव्हे!