मक्याचे कणीस कोणी घडवले?

पावसाळा सरता सरता जालना जिल्ह्यातील भोकरदन, जाफराबाद या तालुक्यांतून गेलात, तर जागोजाग मक्याची शेते दिसतील. ज्वारी-बाजरीसारखाच मका आपल्याला घरचा वाटतो; पण तो मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ साली. त्यानंतर मका जगभर पसरला.

एक कणीस सोलून पाहा. शेकडो दाणे ओळींनी घट्ट बसलेले, वर पानांचे पदर. हे दाणे आपोआप गळत नाहीत. मग रानात त्यांचा प्रसार कसा होणार? होतच नाही! माणसाने पेरला नाही, तर मका टिकत नाही.

मेक्सिकोत टिओसिंटे नावाचे रानगवत आहे. त्याच्या कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे. प्रत्येक दाणा टणक कवचात आणि पिकला की गळणारा. हाच मक्याचा पूर्वज, असे जॉर्ज बीडल या शास्त्रज्ञाने सांगितले, तेव्हा अनेकांना ते पटेना. त्याने दोहोंचा संकर करून पुढच्या पिढीची सुमारे ५०,००० झाडे वाढवली. साधारण पाचशेंत एक झाड मक्यासारखे, एक टिओसिंटेसारखे निघाले. म्हणजे मोठे फरक मोजक्या चार-पाच जनुकांचेच! मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी हा बदल सुरू झाला, असे आज मानले जाते. तिथल्या लोकांजवळ ना लिपी होती, ना नांगर. दरवर्षी चांगले दाणे निवडून बियाण्याला राखायचे, एवढेच. जालना शहर आज बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कामाचे मूळही अशा निवडीतच आहे.

माया लोकांच्या कथेत देवांनी माणूस मक्याच्या पिठापासून घडवला. वनस्पतिशास्त्र नेमके उलट सांगते!

हे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटत. त्याने साल सुटते आणि दाण्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपियनांनी मका नेला, ही रीत मात्र नेली नाही. परिणाम भयंकर झाला. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला. कातडी सोलवटे, जुलाब होत, बुद्धी भ्रमे आणि कित्येक दगावत. नायसिनचा उपाय सापडला, तो १९३७ साली.

आता एक प्रयोग करा. पक्व, वाळलेले कणीस पानांसकट मातीत पुरा; शेजारी हातभर अंतरावर चार सुटे दाणे टोका. महिनाभर दोहोंना सारखे पाणी घाला आणि कोणती रोपे कशी वाढतात, ते वहीत टिपून ठेवा.