दीड वर्षाच्या मुलाचा क्लास

गेल्या महिन्यात एक माहेरवाशीण आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीला सर्दी होती, पण ते निमित्त. हिला मी ती दुसरीत असल्यापासून ओळखतो. लग्नानंतर सांगलीला विश्रामबागेत राहते. औषध लिहून झाल्यावर म्हणाली, "डॉक्टरकाका, एक विचारायचं होतं. घरच्या हॉलमध्ये लहान मुलांचा क्लास सुरू करतेय. दीड ते तीन वर्षांची मुलं. सेन्सरी प्ले म्हणतात त्याला. तुम्हाला काय वाटतं?"

दार अर्धवट उघडे होते. बाहेर बाकावर बसलेल्या आजीबाईंनी ऐकले आणि तिथूनच म्हणाल्या, "आमची पोरं शेणामातीत लोळूनच मोठी झाली की! त्यास्नी कुठला किलास?"

मी हसलो, पण उत्तर लगेच दिले नाही. तिने तयार केलेली जाहिरात मागून घेतली. वरच मोठ्या अक्षरात होते, 'मेंदूचा ९० टक्के विकास पाच वर्षांपर्यंत! ही वेळ पुन्हा येणार नाही!' हे वाक्य हल्ली अनेक ठिकाणी दिसते आणि त्यामुळे बिचारे आईबाप घाबरून जातात. म्हणून आजचा लेख त्यावरच.

या वाक्यात अर्धेच खरे आहे. नवजात बाळाच्या मेंदूचे वजन साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम असते, प्रौढ माणसाच्या मेंदूचे तेराशे-चौदाशे ग्रॅम. पाच-सहा वर्षांचे मूल होईपर्यंत मेंदू प्रौढ आकाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पण हा आकार झाला, बुद्धी नव्हे. घराच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणजे संसार थाटला असे होत नाही. मेंदूतील शिकण्याचे काम पुढे विशीपर्यंत आणि नंतरही चालूच राहते.

मग लहानपणी विशेष काय घडते? मेंदूतील पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे जोड गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. जे वापरात येतात ते पक्के होतात, बाकीचे हळूहळू गळून जातात. शेतातून रोज वहिवाट असली की पाऊलवाट टिकते, नसली की तिच्यावर गवत उगवते, तसेच. वापर होतो तो इंद्रियांमार्फत. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत झाली नाही, तर पुढे डोळा स्वच्छ करूनही दृष्टी नीट येत नाही. डोळ्यात दोष उरत नाही, पण मेंदू पाहायला शिकलेलाच नसतो. कानाचेही तसेच आहे. त्याकडे पुढे येतो.

पाच ज्ञानेंद्रिये आपण शाळेत शिकलो. त्यांच्याशिवाय आणखी दोन आहेत. एक अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे. झोका, पाळणा, गोल गोल फिरणे मुलांना आवडते ते त्याच्यामुळे. दुसरे म्हणजे स्नायू आणि सांध्यांची जाण. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळते, ते हिच्यामुळे. मूल पाण्याने भरलेला तांब्या दोन्ही हातांनी उचलून मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सांडत सांडत नेते, तेव्हा त्याची ही सगळी इंद्रिये एकाच वेळी शिकत असतात. आपण मात्र ओरडतो, "सांडलंस ना!"

म्हणजे बाकावरच्या आजीबाईंचे म्हणणे खरे होते. अंगणात माती होती, सुपात शाळू होता, बेंदराला बैल करायला आणलेल्या मातीतला एक गोळा पोराला मिळायचा. हे सगळे फुकट होते. पण आजीबाईंच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की, आता अंगणच राहिले नाही. सांगलीत काय किंवा साताऱ्यात काय, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मूल वाढते. आई-बाबा कामावर, आजीचे गुडघे दुखतात आणि मुलाच्या हातात मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे की, दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको; आणि एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी. माझ्या दवाखान्यात येणारी बरीच मुले याच्या उलट जगतात. तेव्हा असा क्लास म्हणजे थेर आहेत, असे मी म्हणणार नाही.

शिवाय ही कल्पना काही नवी नाही. इंद्रियांना शिक्षण द्यावे म्हणून खास साधने तयार करणाऱ्या मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. त्यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी पहिले बालगृह काढले. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धाच्या काळात भारतातच राहिल्या. त्यांची साधने सुंदर, पण महाग. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरमध्ये) बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा त्यांना दिसले की, आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीकडे येत नाहीत. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीची मूळ कल्पना ही. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ साली आली.

साधने साधी असली म्हणून परिणाम कमी होतो का? जमैका बेटावर १९८०च्या दशकात सुमारे सव्वाशे खुरटलेल्या, गरीब घरच्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची. ती घरगुती वस्तूंची खेळणी नेई आणि मुलाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे हे आईला दाखवी. असे दोन वर्षे चालले. ही मुले बाविशीत आली तेव्हा तपासले, तर ज्यांच्या घरी सेविका गेली नव्हती, त्यांच्यापेक्षा यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त होती. यातली एक गोष्ट मी आमच्या माहेरवाशिणीला दोनदा सांगितली. सेविका शिकवत होती ती आईला. खेळण्यात जादू नव्हती. मूल काय करते आहे ते बघत, त्याबद्दल त्याच्याशी बोलणारे माणूस शेजारी होते, त्यातून हा फरक पडला.

म्हणून तिला सांगितले, "मुलं सोडून आया बाहेर गप्पा मारत बसल्या, असा क्लास काढू नकोस. आई, आजी, कुणीतरी एकजण सोबत बसलंच पाहिजे. तास संपल्यावर हाच खेळ घरी परातीत कसा करायचा ते त्यांना सांग. आणि ती ९० टक्क्यांची ओळ काढून टाक."

"मग फी कशाची घेऊ?" तिने विचारले. प्रश्न रास्त होता. जागा, वेळ, स्वच्छता आणि इतर मुलांची संगत याची फी घ्यावी. बुद्धी वाढवण्याची घेऊ नये. रंगीत तांदळात हात घातल्याने निरोगी मुलाची बुद्धी वाढते असा पुरावा नाही.

आता धोक्याचे बोलतो, कारण अशा वर्गात माझी खरी काळजी तीच आहे. दोन वर्षांपर्यंतचे मूल जग तोंडाने ओळखते, त्यामुळे जे हातात ते तोंडात. काही वर्षांपूर्वी दीड वर्षाचा एक मुलगा खोकल्यासाठी माझ्याकडे आणला होता. मी कफाचे औषध देऊन पाठवले. तीन आठवडे खोकला थांबेना, छातीचा फोटोही जवळजवळ स्वच्छ. शेवटी आई म्हणाली, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा एकदम ठसका लागला होता. दुर्बिणीतून उजव्या फुप्फुसाच्या नळीतून अर्धा शेंगदाणा निघाला. पहिल्याच दिवशी 'ठसका लागला होता का' हे विचारायचे माझे काम होते, ते मी केले नव्हते. आता प्रत्येक खोकणाऱ्या लहान मुलाच्या आईला मी ते विचारतो.

तेव्हा शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी तीन वर्षांखालील मुलांच्या खेळात नकोत. साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या गोल भोकातून जी वस्तू आत जाईल, ती या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते. दहा रुपयांचे नाणेसुद्धा त्याहून लहान आहे. तासगावची द्राक्षे खाऊ म्हणून द्यायची तर लांबीत चिरून चार फोडी कराव्यात. अख्खे द्राक्ष घशात बुचासारखे बसते. मूग, वाटाणा नाकात घातला तर तो तिथे भिजून फुगतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकले आहे असे समजावे. पिनेने काढायला जाऊ नये, डॉक्टरकडे यावे.

फुलदाणीत घालतात ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरातच आणू नका. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात आणि साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. चपटी बटणबॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही भाजल्यासारखी जखम करते. तिथे 'शी'तून पडेल म्हणून वाट पाहू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे. खेळायच्या कणकेत टिकावी म्हणून वाटीभर मीठ घालायची पद्धत आहे. मूल ती खाते आणि इतके मीठ त्याला विषासारखे ठरू शकते. रोज ताजी कणीक मळा, रंगाला घरची हळद आणि बीट वापरा. हळदीचे सांगलीकरांना मी काय सांगणार! रांगोळी मात्र नको, डोळ्यांत जाते. पाण्याचा खेळ असेल तर मोठ्या माणसाने हात पोहोचेल इतक्या अंतरावरच बसावे आणि खेळ संपताच बादली ओतून पालथी घालावी. चार बोटे पाण्यातही मूल बुडते.

ठसका लागलेले मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर एका वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच ठोके द्यावेत, मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे. एका वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीत पाच ठोके आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. मूल बेशुद्ध पडले तर लगेच छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू करावा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी खाली जाते. हे करून दाखवायला मी तिला अर्धा तास बसवून घेतले, बाकावरच्या पेशंटनी थोडी कुरकूर केली.

एक शेवटची गोष्ट तिला पटायला वेळ लागला. 'सेन्सरी' हा शब्द उपचाराच्या जगातून आला आहे. अमेरिकेतील जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी ज्या मुलांना इंद्रियांकडून येणारी माहिती जुळवता येत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत मांडली. हे शास्त्र आपल्या जिल्ह्याला अगदी परके नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचे. पण थेरपी वेगळी, खेळवर्ग वेगळा. नाव सारखे असल्याने होते असे की, दोन वर्षांचा मुलगा बोलत नाही, आजोबा म्हणतात "याचा बापही उशिराच बोलला", आणि तपासणीऐवजी त्याला क्लासला घालतात. तिथे त्याचे वर्ष जाते. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी ते वर्ष फार मोलाचे असते, कारण मगाशी सांगितलेली मेंदूतील वाट त्याच काळात बुजत असते.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांचे झाले तरी 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही, किंवा कोणत्याही वयात येत असलेले बोलणे थांबले, तर वाट न पाहता तपासणी करावी आणि सुरुवात कानापासून करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आणि वाढीतील विलंब यांची तपासणी येते आणि ती मोफत असते. अंगणवाडी ताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवले जाते.

गेल्या आठवड्यात तिचा सांगलीहून फोन आला. सहा मुलांवर वर्ग सुरू झाला आहे, चार आया आणि दोन आज्या सोबत बसतात. "काका, एक वीस महिन्यांचा मुलगा आहे. मागून डफली वाजवली तर बाकीची सगळी वळून बघतात, हा बघत नाही. त्याच्या आजीला सांगितलं, तर आधी रागावल्या." दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच त्याला घेऊन सिव्हिलमध्ये गेल्या. कानाच्या तपासणीची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.