जुन्या गाडीचा उजेड कुठे हरवतो?

मुंब्रा-कौशातला वलीमा रात्री साडेअकराच्या आत आटोपला, असे सहसा होत नाही. जेवणे होतात, गाठीभेटी होतात, दाराशी उभे राहून पुन्हा एकदा निरोप घेतले जातात आणि मग कल्याण-डोंबिवलीकडची मंडळी गाड्या काढतात. शिळफाट्यावरून कल्याण-शीळ रस्त्याला लागले की परीक्षा सुरू होते. समोरून ट्रकांची रांग, मध्येच कामासाठी उभे केलेले पत्रे, कडेने पायी चाललेली माणसे. आपली गाडी पंधरा-अठरा वर्षांची. डिपरवर ठेवली तर कंदील लावल्यासारखे वाटते, अप्पर लावला तर समोरचा शिव्या घालतो. मागच्या सीटवरून मुलगा मोबाइल पुढे करतो, "अब्बा, हे पांढरे एलईडी बघा, दुप्पट उजेड. उद्याच बसवून टाकू."

बसवण्याआधी थोडे थांबावे. बहुतेक जुन्या गाड्यांत बल्ब कमजोर नसतो. कंपनीने दिलेला उजेड वाटेत कुठेतरी अडतो. कधी काचेत, कधी रिफ्लेक्टरमध्ये, कधी वायरमध्ये, तर कधी चुकीच्या दिशेला. तो अडथळा न काढता जास्त ताकदीचा दिवा लावला तर पैसे जातात, आपल्याला दिसते तेवढेच दिसते आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद निघून जातात, म्हणजे २५ ते ३३ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. चांगल्या स्थितीतल्या डिपरमध्ये गडद कपड्यातला माणूस ४०-५० मीटरवर दिसला तर नशीब म्हणायचे. त्या उजेडातला तिसरा हिस्सा गेला, तर माणूस दिसतो तेव्हा गाडी थांबवायला जागा उरलेली नसते. देशातल्या रस्ते अपघातांचे सरकारी अहवाल वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगतात: सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत होतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. यात दिव्यांचा वाटा किती, हे तो आकडा सांगत नाही. पण अंधार आणि गर्दी एकत्र येते तीच ही वेळ आहे.

सर्वांत सोपे काम आधी. दिवसा गाडीसमोर उभे राहून हेडलाइटकडे नीट बघा. पहिल्या जुन्या मारुती ८०० किंवा पद्मिनीची काच खरीखुरी काच होती, ती पिवळी पडत नसे. नंतरच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक आले. त्यावर उन्हापासून बचाव करणारा पातळ थर असतो. आपल्याकडच्या उन्हात, सोसायटीबाहेर वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीचा हा थर उडून जातो आणि प्लॅस्टिक पिवळट, धुरकट होते. टूथपेस्ट चोळण्याचा घरगुती उपाय चार दिवस चमक देतो, पुढे काही नाही. नीट करायचे तर पाणी लावत आधी जरा जाड, मग बारीक, मग अतिबारीक पॉलिश पेपरने घासावे लागते, मग पॉलिश, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा नवा थर. हा शेवटचा थर लावणार का, हे कारागिराला आधीच विचारा. तो नसेल तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते आणि आता तिला मूळचा थरही उरलेला नसतो.

काच स्वच्छ असूनही उजेड मरगळलेला असेल तर आत डोकवा. बल्बच्या मागचा चकचकीत भाग, म्हणजे रिफ्लेक्टर, आरशासारखा दिसला पाहिजे. मागचे रबरी बूट फाटले की पावसाळ्यात आत वाफ धरते आणि तो मुलामा काळवंडतो, पापुद्रे सुटतात. तो फडक्याने पुसायला जाऊ नका. मुलामा अतिशय नाजूक असतो, बोटाबरोबर निघून येतो. अशा वेळी पूर्ण लाइट बदलणे हाच शहाणपणा. खपाच्या जुन्या गाड्यांचे लाइट अजून मिळतात.

आता मुख्य गोष्ट, जिच्याकडे क्वचितच कोणी बघते. मारुती ८००, झेन, वॅगन-आर, सँट्रो अशा कित्येक जुन्या गाड्यांत एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. हा १९७१ सालापासूनचा नमुना. एकाच बल्बात अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची तार. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत या बल्बांची वीज बॅटरीतून निघते, फ्यूजमधून डॅशबोर्डात जाते, स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरते आणि मग बारीक वायरीने पुढे हेडलाइटपर्यंत पोचते. दोन्ही दिव्यांची मिळून नऊ-दहा अँपिअर वीज या लांबच्या वाटेने जाते. पंधरा वर्षांत स्विचचे पत्रे घासतात, जोड काळे पडतात, बॉडीला अर्थिंगची वायर जिथे बोल्टने बसवली आहे तिथे गंज चढतो. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा दाब कमी होतो.

थोडा कमी झाला म्हणून काय बिघडले, असे वाटेल. इथेच हॅलोजनचा स्वभाव आडवा येतो. त्याचा उजेड दाबाच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घसरतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत आणि बल्बपाशी १२.३ पोचतात, असे समजा. गेले फक्त दीड व्होल्ट, म्हणजे अकरा टक्के. उजेड मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो आणि रंगही पिवळा-तांबूस दिसू लागतो.

हे तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. इंजिन चालू, डिपर चालू ठेवून आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजायचे. मग बल्ब जोडलेला असतानाच त्याच्या होल्डरच्या मागून मोजायचे. बल्ब काढून मोजले तर वीज वाहत नसल्यामुळे आकडा पूर्ण दिसतो आणि फसगत होते. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा आहे. बॅटरीवरच आकडा तेराच्या खाली असेल तर अल्टरनेटर किंवा बॅटरी बघायला हवी; दिव्यांचा तिथे दोष नाही. गाडी हाताळायची आवड असलेल्या घरातल्या मुला-मुलीला हे काम सांगावे. अर्ध्या तासाचे आहे, आणि एलईडी खरेदीचा हट्ट कधीकधी इथेच मिटतो.

फरक निघाला तर पहिला उपाय जवळजवळ फुकट: अर्थिंगचे बोल्ट काढून, गंज घासून, घट्ट बसवणे आणि होल्डरचे काळे पडलेले पत्रे साफ करणे किंवा होल्डर बदलणे. एवढ्याने भागले नाही तर रिले बसवायचे. रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. जाड वायर बॅटरीजवळून फ्यूज लावून थेट बल्बपर्यंत न्यायची, आणि स्टिअरिंगजवळच्या जुन्या स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा. जड वीज मग जवळच्या वाटेने जाते, स्विचवरचा भारही उतरतो. दोन रिले, दोन चिनी मातीचे होल्डर आणि वायर असा तयार संच स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतो. एलईडीच्या जोडीपेक्षा तो बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी आवर्जून सांगा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूजशिवाय बॅटरीतून काढलेली वायर कुठे घासली गेली तर आग लागते. आणि काही जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूने चालतो, तिथे नेहमीचा संच जसाच्या तसा चालत नाही, तेव्हा वायर कापण्याआधी तपासून घ्या.

यानंतर नामांकित कंपनीच्या ६०/५५ वॅटच्या नव्या बल्बांची जोडी घाला. हॅलोजन वापराने मंद होत जातो, म्हणून दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. काचेला बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा तापून बल्ब लवकर जातो. इतके करून झाल्यावर पुन्हा त्याच कल्याण-शीळ रस्त्याने रात्री गाडी नेऊन बघा. बहुतेकांना त्यापुढे काही करावेसे वाटत नाही.

तरीही दुकानदार दोन गोष्टी पुढे करतोच. एक, १००/९० वॅटचा बल्ब. ५५ ऐवजी ९० वॅट म्हणजे वायरीतली वीज दीडपटीहून जास्त, आणि वायर-होल्डरमधली उष्णता अडीच पटीच्याही पुढे. जुन्या गाडीत प्लॅस्टिकचा होल्डर वितळलेला दिसला की हेच कारण असते. दोन, निळसर पांढरा बल्ब. हॅलोजनला निळा रंग दिला म्हणजे काचेने काही उजेड अडवला, एवढेच होते. पावसात तर तो पांढरा उजेड थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परत येतो.

आणि एलईडी? मुळात एलईडी दिवा वाईट नाही. नव्या गाड्यांत तो असतो, पण त्याच्यासाठीच घडवलेल्या लाइटमध्ये. जुना रिफ्लेक्टर एका बारीक तारेच्या नेमक्या जागेवरून मोजून घडवलेला आहे. तिथे दोन बाजूंना चकत्या असलेला एलईडी खोचला की प्रकाश ठरलेल्या रेषेत राहत नाही. बोनेटपुढचा रस्ता लख्ख होतो, म्हणून चालवणारा खूश. पण जवळच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे उलट कमी दिसते. वर उडालेला उजेड समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या, मागे मूल घेऊन स्कूटर चालवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जातो. आपल्याला दिसावे म्हणून दुसऱ्याला आंधळे करणे हा सौदा मला तरी पटत नाही.

कायद्यालाही तो पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे डिपर असा हवा, की आठ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. कंपनीच्या मूळ रचनेत कायद्याने न चालणारा बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए नुसार गाडीमालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओसमोर उभी करावी लागते, एमएच-०४ असो की एमएच-०५, आणि तिथे दिवे तपासले जातात.

आपल्या घरांतली एक खास गोष्टही सांगायला हवी. दुबई, दोहा, कुवेतहून येणारे भाईजान किंवा मामू सुट्टीला येताना गाडीचे सामान आणतात. तिकडचा माल चांगला, यात शंका नाही. पण आखातात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून तिकडच्या डिपरचा झोत उजवीकडे जरा वर चढतो, तिकडच्या रस्त्याची कडा दिसावी म्हणून. तोच अख्खा लाइट आपल्या गाडीला लावला तर तो चढलेला झोत थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो आणि आपली डावी कडा, जिथे पायी माणसे चालतात, ती अंधारात राहते. एच-फोर बल्ब तिकडून आणला तर चालेल. पूर्ण लाइट मात्र इथलाच घ्यावा.

कधीकधी गाडीत काहीच दोष सापडत नाही. काच स्वच्छ, व्होल्ट पूर्ण, बल्ब नवे, तरी अब्बांना दिसत नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात पोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत असतील, दिपल्यानंतर सावरायला वेळ लागत असेल, तर मोतीबिंदू असू शकतो. त्याला गॅरेजमध्ये इलाज नाही, नेत्रतज्ज्ञाकडे आहे. "मला सगळे दिसते" असे घरातले बुजुर्ग म्हणतात तेव्हा हुज्जत घालू नये. तपासणीची वेळ ठरवावी आणि तोवर रात्रीची चावी मुलाकडे किंवा सुनेकडे द्यावी. विंडस्क्रीनची आतली बाजूही पुसून बघा. तिथला धुरकट थर दिवसा दिसत नाही.

सगळे झाल्यावर झोताची दिशा लावायची. लाइट किंवा बल्ब बदलला की हे करावेच लागते. सपाट जागा आणि भिंत हवी, रात्री रिकामी झालेली सोसायटीची पार्किंग चालेल. टायरांत हवा बरोबर, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले. गाडी भिंतीला अगदी चिकटवून दोन्ही बल्बांच्या मध्यांच्या उंचीला खडूने खुणा करा, मग सरळ मागे दहा मीटर न्या. डिपरच्या झोताची वरची सपाट कड खुणेपासून साधारण दहा सेंटिमीटर खाली यायला हवी आणि डावीकडे ती थोडी वर चढलेली दिसायला हवी. लाइटच्या मागे किंवा वर असलेल्या स्क्रूने ती वर-खाली होते.

महाड-माणगावकडे गावी जाताना डिकीत तांदळाची पोती आणि मागे चार माणसे बसली की गाडीचे नाक वर उठते आणि भिंतीवर नीट बसवलेला झोतही त्याच्याबरोबर चढतो. अनेक गाड्यांत यासाठी डॅशबोर्डवर ० ते ३ किंवा ४ आकड्यांचे एक छोटे चाक असते. सामान भरून झाले की ते फिरवून झोत खाली घ्यायचा आणि परत येऊन डिकी रिकामी केली की पुन्हा शून्यावर आणायचा.