मतिमंद पोराला नागपूरला नेण्याआधी

गुरुकुंज मोझरीहून नागपूरला जाणारी एसटी तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत जाते. घरातलं मतिमंद पोरगं अचानक मारायला, ओरडायला लागलं की शेजारीपाजारी हाच रस्ता दाखवतात: ‘नागपूरले नेऊन टाका.’ विदर्भातलं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय तिथेच आहे. यातलं ‘नेऊन टाका’ हेच चुकतं.

इंग्रजांच्या 1912च्या कायद्याने वेडा आणि मतिमंद एकाच पोत्यात भरले होते. 1987च्या कायद्याने ते वेगळे केले आणि 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही ती रेघ कायम ठेवली. बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नाही, तेव्हा केवळ तेवढ्यासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. पण याचा उलटा अर्थ काढून ‘हा आमचा पेशंट नाही’ म्हणणंही तितकंच चूक. अशा माणसालाही नैराश्य येतं, भास होतात, आणि इतरांपेक्षा जास्त प्रमाणात. तेव्हा उपचाराचा त्याचा हक्क कुणाहून कमी नाही.

खरी अडचण निदानाची. शांत पोरगं एकाएकी डोकं आपटू लागलं, तर आधी दाढ बघावी, कान बघावा, शौचाला होतं का विचारावं, फिट्सच्या गोळ्या चुकल्या का पाहावं. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, ते अंगाने सांगतं. ‘मतिमंदच आहे, असंच करणार’ म्हणून तपासणी टळते आणि हाती गुंगीची गोळी पडते. इंग्लंडसारख्या देशातही अशा गोळ्यांचा अतिरेक थांबवायला 2016 साली मोहीम काढावी लागली. आपल्याकडे कुणी मोजतही बसत नाही, असं मला वाटतं.

भरती करावीच लागली, तर जास्त आधाराची गरज असलेल्या रुग्णाला पहिल्या खेपेला तीस दिवसांपर्यंतच ठेवता येतं. मूल अल्पवयीन असेल तर पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहायचं असतं. घर नाही, नातेवाईक नेत नाहीत, एवढ्यावरून कुणाला आत ठेवू नये, असंही कायदा सांगतो. मग न्यायचं कुठे? मोझरीच्याच अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. त्यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं झाली की अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, ही त्यांची जुनी मागणी. कायद्याने मनोरुग्णालयाचं दार योग्य कारणाने अरुंद केलं, पण दुसरं दार बांधलंच नाही.

तेव्हा नागपूरची एसटी पकडण्याआधी अमरावतीच्या इर्विन या सरकारी रुग्णालयात दात, कान, पोट तपासून घ्या. चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, आणि रोज त्याचं जेवण-आंघोळ बघणारी व्यक्ती सोबत असू द्या. रात्रीबेरात्री सल्ला लागला तर 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.