पेशींवाचून किण्वन

द्राक्षांचा रस काही दिवस ठेवून दिला, तर तो फसफसू लागतो. त्यातील साखर नाहीशी होऊन तिच्या जागी अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतात. हे किण्वन यीस्टच्या सूक्ष्म पेशी घडवून आणतात, आणि जिवंत पेशींवाचून ते होणे नाही, असे लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास प्रतिपादिले. हे मत अखेरचे ठरते, तर सजीवांतील रासायनिक क्रिया परीक्षानळीत अभ्यासण्याची आशाच सोडावी लागली असती.

१८९६ मध्ये म्यूनिक येथे एडुआर्ड बुखनर यांना किण्वनाचा शोध घ्यावयाचा नव्हता. त्यांचे जंतुशास्त्रज्ञ बंधू हान्स यांच्या संशोधनाकरिता यीस्टमधील रस तेवढा हवा होता. पण यीस्टची पेशीभित्ती मोठी चिवट! म्हणून एक किलोग्रॅम यीस्टमध्ये तितकीच गारेची वाळू व पाव किलोग्रॅम डायाटमी माती मिसळून ते मिश्रण खलात घोटण्यात आले. वाळूच्या कणांनी भित्ती फाटल्या; बाहेर पाझरलेला द्रव मातीने शोषून घेतला, आणि कोरड्या भुकटीचा ओलसर लगदा झाला. थोडे पाणी घालून तो कापडात गुंडाळला व चारशे-पाचशे वातावरणांइतक्या दाबाखाली पिळला. अशा रीतीने सुमारे अर्धा लिटर रस हाती आला.

हा रस लवकर नासे. प्राण्यांना टोचावयाचा असल्याने त्यात विषारी जंतुनाशके घालता येईनात. तेव्हा मुरंबा टिकविण्याच्या युक्तीने त्यात साखरेचे दाट द्रावण मिसळले. तासाभराच्या आतच रसातून बुडबुडे येऊ लागले.

रसात काही जिवंत पेशी उरल्या असतील, ही शंका रास्तच होती. बुखनर यांनी तो सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला, त्यात क्लोरोफॉर्म मिसळले. तरीही किण्वन चालूच राहिले. रसातील या कार्यकारी द्रव्याला त्यांनी ‘झायमेज’ हे नाव दिले. हा शोध १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याबद्दल त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे लंडनमध्ये आर्थर हार्डन व विल्यम यंग यांनी हाच रस जिलेटिनच्या गाळणीतून दाबाने गाळला. वर राहिलेला भाग एकटा निष्क्रिय, खाली उतरलेलाही निष्क्रिय. दोन्ही एकत्र करताच किण्वन पुन्हा सुरू! खालचा भाग उकळला तरी त्याचा गुण जात नसे; वरचा भाग मात्र उष्णतेने निकामी होई. वरच्या भागात प्रथिनरूप विकर, म्हणजे एन्झाइमे, होती. खालच्यात त्यांना साहाय्य करणारी लहान रेणूंची द्रव्ये.

झायमेज हे एकच द्रव्य नाही, हेही कालांतराने उमगले. ग्लुकोजपासून अल्कोहोलपर्यंतच्या वाटेवर बारा टप्पे आहेत आणि प्रत्येकाचा विकर निराळा. त्यांपैकी पहिले दहा टप्पे धावणाऱ्या मनुष्याच्या स्नायूंतही जसेच्या तसे घडतात.